छातीभर पाण्यात

चि. सोनूस,


तुझ्या सुजलेल्या पावलांचा फोटो पाहिला. रुतायला लागलेली जोडवी काढून ठेवलीस ते बरं केलंस. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो, हे तू नीट टिपलं आहेस. सातव्या महिन्यात पुष्कळजणींना असं होतं. सूज उतरायला पोहण्याच्या तलावात उतरावं का, तर सासूबाई नको म्हणतात आणि डॉक्टर हो म्हणतात. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुला घरी शांतपणे सांगता येईल. सासूबाईंवर रागावू नकोस, त्यांचा जीव तुमच्या दोघांसाठीच तुटतो आहे.

आत्ता तुझ्या अंगात एरवीपेक्षा जवळजवळ दीडपट रक्त खेळतं आहे. दिवस भरत येतील तसं एकट्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जाऊ लागेल. पण पायांतलं रक्त वर आणणारी मोठी शीर पोटात पाठीच्या मणक्याला लागून जाते आणि वाढलेलं गर्भाशय तिच्यावर रेलतं. कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपायला सांगतात ते त्यासाठीच. तू उभी असतेस तेव्हा घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. त्या रेट्यानं रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. ते परत आत ओढणारी प्रथिनं गरोदरपणात रक्तात विरळ झालेली असतात, म्हणून ते पावलांत साठून राहतं.

आता पाण्याचं बघ. दर १० सेंटिमीटर खोलीला पाणी पाऱ्याच्या साधारण ७.४ मिलिमीटर इतका दाब देतं. छातीभर पाण्यात उभी राहिलीस आणि पावलं १.२ मीटर खोल असली, तर घोट्यावर बाहेरून सुमारे ८८ मिलिमीटर दाब पडतो. म्हणजे शिरांतल्या दाबाच्या जवळपास तोडीस तोड! गुडघ्याशी तो कमी, मांडीशी त्याहून कमी. शिरा फुगलेल्यांना डॉक्टर जे घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे देतात, तेच काम पाणी करतं, आणि एकही सुरकुती न पडता करतं. सूज शिरांमध्ये परतते, पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. मानेपर्यंत पाण्यात ठेवलेल्या निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत हे सरकलेलं रक्त सुमारे ७०० मिलिलिटर भरलं होतं. हृदयाचे कप्पे त्यामुळे ताणले जातात, तिथून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जादा मीठ-पाणी बाहेर टाकू लागतात. तेव्हा तलावातून आल्यावर सारखी लघवीला लागली तर घाबरू नकोस, आणि वर आल्यावर पाणी प्यायला विसरू नकोस.

हे गरोदर बायकांमध्येही मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत व्हर्न कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सुजेचा त्रास असलेल्या गरोदर स्त्रियांना कधी कुशीवर झोपवलं, कधी कमरेइतक्या पाण्यात आणि कधी खांद्यापर्यंतच्या पाण्यात बसवलं. लघवी सर्वांत जास्त झाली ती खांद्यापर्यंतच्या पाण्यात, आणि रक्तदाबही तिथेच सर्वांत जास्त उतरला. अभ्यास लहान होता, पण मला तो पटतो, कारण खोली वाढली की परिणाम वाढतो हे दाबाच्या हिशेबाला धरूनच आहे. घोटाभर कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्यानं बरं वाटतं, जरूर बस. पण तेवढ्या पाण्याला दाब तो किती असणार?

आता काळजीचं. पाणी कोमटच हवं. गरम पाण्याच्या टबात बसू नकोस. त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. बाहेर येताना सर्वांत जास्त जप. पाण्याचा आधार सुटला की रक्त पुन्हा पायांकडे धावतं, म्हणून कठडा धरून एकेक पायरी चढ आणि वर आलीस की लगेच बस. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा हळू चालते, तेव्हा मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नकोस. चालता चालता शेजारणीशी सलग बोलता येतंय ना, एवढं पाहा. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर तलाव बंद, थेट दवाखाना.

आणि हे सासूबाईंनाही वाचून दाखव. संध्याकाळी पावलं सुजणं वेगळं आणि चेहरा, हात एकाएकी सुजणं वेगळं. त्याच्या जोडीला डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके येणं, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काही झालं किंवा बीपी १४०/९० च्या घरात गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ही लक्षणं ज्या आजाराची, तो पाण्यात उभं राहून बरा होत नाही, आणि त्यात वाट पाहत बसणं जिवावर बेततं.

पुढच्या तपासणीला बीपीचे दोन्ही आकडे लिहून घे आणि मला कळव. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या