गाऊनची उलटी बाजू

वसईत गाऊन शिवणाऱ्या एका बाईंकडे मैत्रिणीच्या लेकीच्या फिटिंगला गेले होते. बाईंनी गाऊन उलटा करून टेबलावर पसरला आणि माझी नजर आतल्या एका पट्टीवर खिळली. कमरेच्या शिवणीला आतून टाचलेली, बोटभर रुंद, जाड पट्टी, टोकांना हूक. आधी ती कमरेला आवळायची, मग पाठीची चेन लावायची. घेराचं वजन कंबर पेलते, गळा खाली उतरत नाही, आणि नवरीला सारखा छातीशी हात नेऊन गाऊन वर ओढावा लागत नाही.

तेव्हापासून गाऊनचा फोटो दिसला की आत काय असेल, हाच विचार मनात येतो. प्रकार डोळ्यांना चटकन कळतात. कमरेखाली फुगलेला बॉल गाऊन, खाली रुंदावत जाणारा ए-लाईन, छातीखालीच कंबर धरणारा एम्पायर, गुडघ्यांपर्यंत घट्ट बसून मग उमलणारा मर्मेड. मर्मेड मला आवडत नाही. ज्यात धड गुडघे टेकता येत नाहीत, तो गाऊन चर्चमध्ये कशाला?

बाई मुलीला म्हणाल्या, "बाय, खाली बस. आता हात वर कर. आता आईला मिठी मार." मिठीत काखेपाशी कापड ताणलं, तिथे लगेच टाचणी लागली. लग्नातले सँडल आणायला त्यांनी आधीच बजावलं होतं. टाच बदलली की खालच्या घेराचं माप चुकतं.

अशाच टाचण्या तोंडात धरून बसलेली ॲन लो मला दिसते. जन्म अमेरिकेतल्या अलाबामातला. आजी गुलामगिरीत जन्मलेली, शिवणकामात तरबेज, आईही तशीच. ॲन सोळा वर्षांची असताना आई गेली, आणि गव्हर्नरच्या पत्नीचे अर्धवट राहिलेले गाऊन या पोरीने पुरे केले. १९१७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शिवणशाळेत शिकायला गेली, तर ती कृष्णवर्णीय म्हणून तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवलं. तिच्या हातचे नमुने मात्र इतर मुलींना दाखवायला नेत.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्टला जॅकलिन बूव्हिए आणि जॉन केनेडी यांचं लग्न झालं. नवरीचा गाऊन ॲनने शिवला होता. जवळपास ५० वार हस्तिदंती टाफेटा, खांद्यांवर उघडा पसरलेला गळा, छातीवर एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्या, घेरावर गोल गोल झालरी. लग्नाला दहाएक दिवस उरले असताना तिच्या दुकानात पाण्याचा पाइप फुटला. नवरीचा गाऊन गेला, करवल्यांचे बरेचसे गेले. दोन महिन्यांचं काम होतं ते. नवं कापड आणलं, जादा माणसं बसवली, रात्री जागवल्या आणि सगळं वेळेत उभं केलं. २,२०० डॉलरचा तोटा झाला. तिने त्या घराला त्याचा पत्ता लागू दिला नाही. गाऊन घेऊन ती स्वतः न्यूपोर्टला गेली. मागच्या दाराने या, असं कुणी म्हणालं, तेव्हा पुढच्या दाराने घ्या नाहीतर गाऊन परत नेते, असं तिने ठणकावलं, असं सांगतात. लग्नाचे फोटो जगभर छापले गेले. तिचं नाव मात्र जवळपास कुठेच आलं नाही.

याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे पत्रिकेत अख्खी भावकी छापतात, चिल्यापिल्यांचीही नावं घालतात. शिवणारीच्या नावाला एक ओळ जड होणार आहे का?

जॅकलिनला मात्र तो गाऊन मनापासून आवडला नव्हता, असं पुढे लिहिलं गेलं. तिला साधं काहीतरी हवं होतं.

ते साधं तिच्या सुनेने, कॅरोलिन बेसेटने, स्वतःच्या लग्नात नेसावं तसं अंगावर घेतलं. १९९६ चा सप्टेंबर, जॉर्जियातलं कंबरलँड बेट. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वस्तीने उभारलेलं लाकडी चर्च, मोजकीच माणसं. कॅरोलिनच्या अंगावर मोतिया रंगाचा रेशमी क्रेपचा गाऊन होता, उरेब कापलेला. ना झालर, ना लेस. सासू दोन वर्षांपूर्वीच गेली होती, तिने तो पाहिला नाही.

उरेब कापड म्हणजे मोठी जोखीम. ताणा-बाणा तिरका पडतो, कापड अंगाबरोबर वाहतं, आणि आपल्याच वजनाने लांबतही जातं. म्हणून ते टांगून ठेवायचं, पुरतं उतरू द्यायचं, मगच खालची कड कापायची. या कापाची मोठी जाणकार पॅरिसची मादलेन व्हिओने. ती लहानशा लाकडी बाहुलीवर कापड सोडून बघत बसायची, कागदावर आराखडा काढत नसे.

कॅरोलिनचा गाऊन नार्सिसो रॉड्रिगेझने केला, आणि तो तिचा जुना मित्र होता. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. लग्न ठरलेल्या मुलींना मी सांगते, प्रकार नंतर ठरवा. आधी अशी शिवणारी शोधा, जिच्यासमोर "हे मला नको" असं न घाबरता म्हणता येईल.