भिलारची पुस्तके आणि आमचे अण्णा

गेल्या जानेवारीत आमच्या भागातील वीस-बावीस शेतकऱ्यांना घेऊन मी सातारा जिल्ह्यातील भिलारला गेलो होतो. स्ट्रॉबेरीची शेती पाहायची, हा सहलीचा हेतू. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे टाकली, की महाबळेश्वरच्या बाजूला हे गाव लागते. तांबड्या मातीचे गादीवाफे, त्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि पानांखाली लालभडक फळे. पावसाळा सरता सरता रोपे लावायची आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडे घ्यायचे, असा इथला क्रम.

पण भिलारची आणखी एक ओळख आहे. ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेमार्फत इथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. इंग्लंडच्या सीमेलगत वेल्समध्ये हे-ऑन-वे नावाचे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे गाव आहे, त्यावरून ही कल्पना निघाली. भिलारला मात्र दुकाने नाहीत. सुरुवातीला पंचवीस जागी मिळून सुमारे १५,००० पुस्तके ठेवली गेली, त्यांतल्या बहुतेक जागा म्हणजे लोकांची राहती घरे. कुठे कादंबऱ्या, कुठे चरित्रे, कुठे संतसाहित्य. कुणीही यावे, बसावे, फुकट वाचावे.

दुपारी आम्ही अशाच एका घरात शिरलो. ओसरीवर कपाटे, शेजारी स्ट्रॉबेरीच्या पाट्या. घरच्या वहिनी फळे निवडत होत्या.

“या भाऊ, बसा. काय हवं ते काढून वाचा. फक्त हात पुसून घ्या,” त्या म्हणाल्या.

आमच्यातल्या एका शेतकऱ्याने सरळ विचारले, “वहिनी, याचा पगार मिळतो का?”

त्या हसल्या. “पगार कसला? घर आमचं, पुस्तकं पाहुणी. पाहुण्यांचं करावंच लागतं. पावसाळ्यात तर लेकरांसारखं जपावं लागतं. ओल लागली की बुरशी धरते. ऊन पडलं की आधी पुस्तकं बाहेर, मग कपडे.”

हे ऐकले आणि मला आमच्या गावचे अण्णा आठवले.

आमच्या गावात ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. अण्णा त्याचे ग्रंथपाल. १९८६ साली मी दहावीला होतो, घरात वीज नव्हती. अण्णा तेव्हा पंचविशीचे. ग्रंथालय बंद करण्याची वेळ झाली तरी ते म्हणत, “वाच तू, मी कपाटं झाडतो.” झाडून झालेली कपाटे ते पुन्हा झाडीत, हे मला फार पुढे समजले. मी बी.एस्सी. कृषी झालो, यात त्या तासाभराचा वाटा मोठा आहे.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारा-घेणारा, असा आपला समज असतो. अण्णांचे काम पाहिले म्हणजे तो राहत नाही. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत चढवायचे, क्रमांक घालायचा, देवघेव रोज लिहायची. वाळवी भिंतीतून येते म्हणून कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची. कसर लागलेले पुस्तक वेगळे काढायचे, सुटलेली पाने शिवायची. वर्गणीसाठी घरोघर जायचे. तपासणीच्या वेळी सगळे दप्तर पुढे मांडायचे. आता तर मुले मोबाईलवर वाचतात. जी येतात, त्यांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवी असतात. ती महाग, आणि अभ्यासक्रम बदलला की जुनी होतात.

आणि या कामाचा मोबदला? १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले, हे मोठेच काम झाले. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपयांचे ४८,००० झाले. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची. म्हणजे २४,०००. महिन्याला दोन हजार, दिवसाला सदुसष्ट रुपयेसुद्धा नव्हते. खुरपणीला आपण काय मजुरी देतो, ते ज्याचे त्याने आठवावे. शिवाय अनुदान हप्त्याने येते, पोट मात्र रोजचे असते.

भिलारला पुस्तकांमुळे पाहुणा येतो, जेवतो, राहतो, स्ट्रॉबेरी नेतो. आपल्या गावात पाहुणा कुठून येणार? आपले ग्रंथालय आपल्यालाच सांभाळले पाहिजे. विहीर खोदून भागत नाही, गाळ काढणारा माणूस लागतो.

परत आल्यावर मी अण्णांकडे गेलो. भिलारचे सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “तिथं पुस्तकं हरवत नाहीत का रे?” मग म्हणाले, “आता माझ्याच्यानं होत नाही. डोळे गेले. या पगारावर पोरगं कुठलं मिळणार? पाडव्याला किल्ली सरपंचांच्या हाती देतो.”

मी म्हटले, “अण्णा, सुगीला घरटी पायलीभर धान्य गोळा करू.”

“धान्य नको. माणूस दे. आठवड्यातून दोन दिवस दोन तास बसणारा. दाखल नोंदवही कशी लिहायची ते शिकवायचं राहिलंय माझं.”

मी भिलारला नेलेल्या मंडळींना निरोप धाडला. रविवारी चौघे आले, एकाने बारावीतली लेक बरोबर आणली. दिवसभर पुस्तकांना ऊन दाखवले, फळ्या पुसल्या. मुलगी अण्णांजवळ बसून नोंदवहीत आकडे उतरवीत होती, अण्णा बोट ठेवून चुका दाखवीत होते. पुढच्या रविवारीही ती आली.

पाडवा होऊन गेला. किल्ली अजून अण्णांच्याच कमरेला आहे. किती दिवस, ते अण्णांनी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. तुमच्या गावातही एखादे ग्रंथालय असेल. या रविवारी एकदा तिथे डोकावून या, आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते पाहा.