बाबांची रोजकीर्द

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी खानवेलला घरी आलो होतो. रात्री साडेअकराला सिल्वासातल्या कारखान्यातून फोन आला, "सर, डिस्पॅचची स्क्रीन पुढेच जात नाहीये. गेटवर गाड्या उभ्या आहेत."

तिथलं सॉफ्टवेअर मीच सांभाळतो. लॅपटॉप उघडला तर सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली. प्रोग्राम दिवसभर जे काही करतो त्याची वेळेसकट नोंद लॉग फाइलमध्ये होत जाते. ती फाइल दोन वर्षांत ४१ जीबीची झाली होती. मी ती उडवली. तरी जागा सुटेना, कारण प्रोग्रामने ती अजून उघडी धरली होती. तेवढ्यात तिची प्रत वाचवता आली असती. पण गाड्या खोळंबल्या होत्या. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला आणि फाइल कायमची गेली. गाड्या निघाल्या, मी निवांत झोपलो.

सोमवारी कळलं, शुक्रवारी रात्री दोन गाड्यांच्या मालाची अदलाबदल झाली होती. ठपका आला रात्रपाळीच्या कंत्राटी मुलावर. खानवेलजवळच्याच पाड्यावरचा तो. मला म्हणाला, "दादा, मी नोंद बरोबर केली होती. कम्प्युटरात दिसेल ना?"

दिसली असती. नोंद कुणी केली, कुणी बदलली, किती वाजता, सगळं त्या फाइलमध्ये होतं. पुरावा माझ्याच हातून गेला, हे मी साहेबांना सांगितलं. मुलाची नोकरी राहिली, संशयही राहिला.

बाबांचं बाजारात किराणा दुकान आहे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, आमची रोजकीर्दही भरतेच की. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालायची, जुनी बांधून माळ्यावर ठेवायची. आठ वर्षं झाली की मग रद्दीत. वही भरली म्हणून कुणी चुलीत घालतं का?"

लिनक्समधलं लॉगरोटेट हेच करतं. रोज चालू फाइल बाजूला ठेवायची, नवी उघडायची, जुन्या फाइली दाबून लहान करायच्या आणि मुदत संपली की सर्वांत जुनी काढून टाकायची. मुदत किती ठेवायची? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहेत. मीही १८० लिहिले. रोजची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाते आणि डिस्क ८० टक्के भरली की मला फोनवर इशारा येतो. सगळं मिळून दहा-बारा ओळींचं काम. दोन वर्षं 'उद्या करू' म्हणत राहिलो होतो.

तुमच्यापैकी कुणी सर्व्हर सांभाळत असेल तर आजच एकदा बघून घ्या.

परवा तो मुलगा भेटला. "आता दिसतं का, दादा?" मी स्क्रीनवर त्याच्या नावाची ओळ दाखवली. त्याने बोट ठेवून वेळ वाचली, १:४२. मग पुन्हा एकदा वाचली आणि कामाला गेला.