दिवसा झोपणाऱ्या माणसाची फिल्म

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या कितीतरी घरांत सकाळी रात्र होते. तुर्भ्याच्या भाजी मार्केटात गाड्या रात्री लागतात, माल पहाटेपर्यंत उतरतो, उजाडता उजाडता किरकोळ व्यापाऱ्यांचे टेम्पो भरून निघतात. तो माल पाठीवर वाहिलेला माणूस घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास खातो आणि आडवा होतो. नेमकं त्याच वेळी बाकीचं घर जागं होत असतं. पाणी भरणं, धुणीभांडी, पोरांचा अभ्यास, शेजारचा टीव्ही. खोली एकच, वर फार तर पोटमाळा. एकाची रात्र आणि इतरांचा दिवस त्याच चार भिंतींत बसवायचा.

टी. वाय.ला असताना आमच्या गटाने केलेली शॉर्ट फिल्म या खोलीची होती. कथा एवढीशी: बापाची झोप मोडू नये म्हणून एक लहान मुलगा सकाळभर घरात आवाज न करता वावरतो. संवाद पानभरसुद्धा नव्हते. कल्पना गटातल्या एका मित्राची, कारण घर त्याचं आणि लहानपणही त्याचंच. वडील माथाडी, मूळ गाव जावळी तालुक्यात. आम्ही बाकीचे नेरूळ-वाशीच्या फ्लॅटमधले. आम्हाला स्टेडीकॅम, ड्रोन, पावसातला पाम बीच रोड वगैरे हवं होतं. बरं झालं, पैसे नव्हते.

नवी मुंबईवर फिल्म करायची म्हटली की पोरं फ्लेमिंगो, पांडवकडा आणि बेलापूरच्या टेकडीवरून दिसणारे दिवे यांच्यामागे धावतात. हे शहर वसलं कसं, ते मात्र त्यात कुठे येत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली, तेव्हाच्या कल्पनेत मुंबईतली गर्दी खाडीपलीकडे हलवायची होती, आणि त्यात घाऊक बाजार आलेच. ते टप्प्याटप्प्याने इकडे आले. भाजी आणि फळबाजार 1996 साली. बाजारामागोमाग माथाडींच्या टोळ्या आल्या. त्याआधीच कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं होतं, 1969 साली माथाडी कायदा झाला, आणि मशीद बंदरच्या गोदामांबाहेर, फुटपाथवर झोपणाऱ्या सातारा-पुण्याकडच्या माणसांना पुढे कोपरखैरणे-घणसोलीत बैठी घरं मिळाली. आमच्या फिल्ममध्ये यातलं अक्षरही नाही. भिंतीवर अण्णासाहेबांचा फोटो आहे, तो आम्ही लावलेला नाही, आधीपासूनच होता.

आता मी पोटापाण्यासाठी साउंडचंच काम करतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटेल. तरी सांगतो. विद्यार्थ्यांची फिल्म बहुधा आवाजात मरते. चित्र जरा काळं आलं, कॅमेरा हलला, फोकस उशिरा लागला, तर प्रेक्षक सोसतो. कधी कधी त्याला ती शैलीच वाटते. पण माणूस समोर बोलतोय आणि आवाज विहिरीतून येतोय, किंवा प्रत्येक कटला मागची घरघर बदलतेय, हे तो सोसत नाही. काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. तो फक्त मोबाइल काढतो.

आमच्यापुढे तर भलताच पेच होता. शांततेची फिल्म करायची होती, आणि शांतता कोपरखैरण्यात दिवसा मिळत नाही. ट्रान्स-हार्बर लोकल, ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर, रेकॉर्ड केलेली एकच ओळ दिवसभर वाजवत फिरणारा भंगारवाला, भिंतीपलीकडची मालिका. लग्नसराईत त्यात गावठाणातल्या हळदीचा डीजे. आवाज रात्री कमी होतो, पण आमची गोष्ट सकाळची. खिडकीतून येणारं ऊन आम्हाला हवं होतं आणि ते भाड्याने आणण्याची ऐपत नव्हती.

हा पेच भारतीय बोलपटाइतकाच जुना आहे. अर्देशिर इराणी यांच्या ‘आलम आरा’चा स्टुडिओ रेल्वे रुळांच्या कडेला होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट, त्यात आवाज चित्राबरोबरच टिपला जाणारा. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर चित्रीकरण चाले आणि माइक नटांच्या आसपास, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे दडवलेले असत. 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला हिंदी बोलपट असा रेल्वेच्या वेळापत्रकावर तयार झाला. मला त्यातली जिद्द महत्त्वाची वाटते. पुढे आपल्याकडे सोपा मार्ग रूढ झाला: लोकेशनवर मिळेल तो आवाज घ्यायचा आणि नंतर स्टुडिओत डबिंग करायचं. 2001 साली ‘लगान’ने चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरला, नकुल कामटे यांच्या त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे इथल्या मुख्य प्रवाहातली मंडळी त्याकडे पुन्हा वळली.

आम्ही कामाची वाटणी घड्याळावर केली. सकाळी चित्र, रात्री आवाज. सकाळी काका, म्हणजे मित्राचे वडील, झोपलेले असत, तेव्हा ऊन असे. रात्री काका मार्केटला गेलेले असत, तेव्हा खोली मोकळी आणि शेवटची लोकल गेल्यावर वस्ती निवांत. झोपलेल्या बापाचं काम काकाच करणार होते. अभिनय नाही, ते खरोखर झोपणार आणि आम्ही त्यांच्याभोवती शूटिंग करणार. मित्राच्या आईची, म्हणजे काकूंची, अट साधी होती. अकराच्या आत उरकायचं आणि माणसाची झोप मोडायची नाही. वर म्हणाल्या, “आवाज न करता घर कसं चालवायचं, ते आता कळंल तुम्हाला.”

कळलं. सेटवर ‘रोल, अॅक्शन, कट’ ओरडायची सोय नव्हती, तेव्हा सगळं हाताच्या खुणांवर. क्लॅपही मारता येईना. क्लॅप असतो तो चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज नंतर जुळवण्यासाठी. पाटी मिटताना दिसते ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला उंच काटा, हे दोन एकावर एक बसवायचे. काटाच हवा असेल तर तो मोठ्या आवाजाचा असण्याची गरज नाही. आम्ही माइक लेन्ससमोर धरून त्याच्या जाळीवर नखाने एक टिचकी मारायचो. एडिटिंगला तेवढं पुरलं. अजूनही लहान मुलांसोबत किंवा दचकणाऱ्या नटांसोबत काम असलं की मी हेच करतो.

मुलगा शेजारच्या गल्लीतला. त्याला काय करायचं ते शिकवावं लागलं नाही, त्याचाही बाप मार्केटात. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, की कळशी भर. नळ जमिनीपासून हातभर वर. आमच्या मनात होतं, स्टीलच्या रिकाम्या कळशीत धार पडेल, खणखणीत आवाज होईल, तो घाबरून नळ बंद करेल. पटकथेत तसंच लिहिलेलं होतं. त्याने कळशी तिरकी धरली. धार तोंडाच्या आतल्या कडेवर घेतली, म्हणजे पाणी बुडावर न आदळता अंगावरून घसरत खाली जाईल. कळशी भरत गेली तशी तो ती अंशाअंशाने सरळ करत गेला, आणि गळ्याशी पाणी आलं तसा दुसऱ्या हाताने नळ आवळला. शेवटचे दोन थेंब पडू नयेत म्हणून तोटीखाली बोट धरलं. या सगळ्यात त्याने एकदाही बापाकडे पाहिलं नाही. घाबरून वळून बघणं, ओठांवर बोट ठेवणं, हे आमच्या डोक्यातलं होतं, सिनेमे बघून आलेलं. या घरातल्या मुलाला बघावं लागत नाही. त्याचा कान तिकडे असतो.

पटकथेतलं ते पान आम्ही काढून टाकलं. पूर्ण कळशी भरेपर्यंत शॉट न कापता ठेवला. फिल्ममधला तो सगळ्यात लांब शॉट.

मग त्या कळशीचा आवाज. दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो लोकलखाली दबला होता. रात्री तीच कळशी, तोच नळ, त्याच मुलाचे हात (शाळेला सुट्टी होती), आणि माइक पाण्यापासून हातभर अंतरावर. माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. म्हणून माइक जवळ न्यायचा, आवाज नंतर वाढवत बसायचं नाही. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण सिमेंटचा कोबा आणि उघड्या भिंती असलेल्या त्या खोलीत हातभर अंतरालाही घुमत होतं. तेव्हा काकूंनी माळ्यावरून गोधड्या काढल्या. गावाकडच्या, जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या वजनदार. तीन भिंतींना त्या टांगल्या आणि खोलीचा घुमारा एकदम बसला. स्टुडिओतली महागडी फोमची पॅनेल नंतर पुष्कळ पाहिली. गोधडी कमी नाही.

फ्रिज बंद करायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो परत चालू करायचा असतो, हे पहाटे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यावर या धंद्यातला जुना उपाय असा, की आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. काकूंचं दूध त्यामुळे वाचलं.

पंख्याचं प्रकरण अवघड. मे महिन्यात दिवसा झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा बंद करणं हा माणुसकीचा प्रश्न आहे. आम्ही तो चालूच ठेवला आणि तो आवाज स्वीकारला. नंतर रात्री पंख्याचा प्रत्येक वेग स्वतंत्र रेकॉर्ड केला, रेग्युलेटरच्या खटक्यासकट. एडिटिंगमध्ये असं दिसलं, की पंख्याची घरघर सलग खाली अंथरली की वरचे छोटे आवाज जास्त ऐकू येतात: भांड्यावर ठेवलेलं झाकण, वहीचं पान, काकांचा श्वास. पूर्ण निःशब्द पट्टी लावून पाहिली तेव्हा ती शांत वाटली नाही, स्पीकर बिघडल्यासारखी वाटली. म्हणूनच प्रत्येक लोकेशनवर निघताना मिनिटभर सगळ्यांनी स्तब्ध उभं राहून नुसती खोली रेकॉर्ड करायची असते. नवखी पोरं याच मिनिटाला सामान आवरायला घेतात.

लोकल आमच्या फिल्ममध्ये एकदाही दिसत नाही. स्टेशनवर शूट करायचं तर रेल्वेची परवानगी आणि शुल्क, दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचं. गच्चीवरून तिचा येण्याजाण्याचा आवाज मात्र भरपूर घेतला. पडद्यावर भिंत दिसते, भिंतीमागून गाडी जाते, मांडणीतली ताटं हलकी थरथरतात आणि मुलगा हाताने ती धरून ठेवतो. (ताटं खाटेखालून एकाने दोरीने हलवली.) चौकटीबाहेरचं शहर आवाजाने उभं करायला पैसे लागत नाहीत. उमेश कुलकर्णी यांची एफटीआयआयमधली ‘गिरणी’ ही फिल्म ज्यांनी पाहिली असेल, त्यांना घरात आलेल्या एका यंत्राचा आवाज मुलाचं जग कसं व्यापतो ते आठवेल. तेव्हाच्या अहमदनगरच्या कॉलेजात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला 58व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर विभागातला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तो काही भारी कॅमेऱ्यासाठी नव्हे. या दोन्ही फिल्म वर्गात दाखवल्या जातात, त्यांवर चर्चा होते, आणि चर्चा संपल्यावर मुलं विचारतात, सर, लेन्स कोणती घेऊ?

काकांनी फिल्म नंतर लॅपटॉपवर पाहिली. स्वतःला झोपलेलं पाहून हसले. कळशीच्या शॉटला मात्र गप्प झाले आणि काकूंना म्हणाले, “रोज असंच भरता व्हय पाणी?” इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं, पाहणार कसे?

एका महोत्सवात ही फिल्म दाखवली गेली तेव्हा हॉलचे पंखे फुल होते, एक दार सतत उघडझाप करत होतं आणि स्पीकर भाषणांसाठी लावलेले, दोन भोंगे. परीक्षकांनी छायाचित्रणाचं कौतुक केलं. आवाजाबद्दल कुणी बोललं नाही, कारण तो कुणापर्यंत पोचलाच नव्हता. हे आमच्याच वाट्याला आलं असं नाही. बहुतेक कॉलेजांच्या महोत्सवांत असंच चालतं.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. उलवे-पनवेल पट्ट्यात फिल्म करणाऱ्या मुलांना आता लोकलबरोबर विमानांचंही वेळापत्रक जवळ ठेवावं लागेल. तेव्हा मास मीडिया शिकवणाऱ्या कॉलेजांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत आणखी एक कॅमेरा लिहिण्याआधी एक चांगला रेकॉर्डर, दोन माइक आणि बंद कानांचे हेडफोन लिहा. आणि फिल्म दाखवताना हॉलची दारं लावून घ्या.