तिथीचं फूल, तारखेचं फूल

फूल वेळेवर आलं तर माल, एक दिवस उशिरा आलं तर खत. फुलशेतीचं सगळं गणित एवढंच. कांदा चाळीत ठेवता येतो, ज्वारी कणगीत, तूर पोत्यात. बाजार चढेपर्यंत वाट बघता येते. झेंडूला ही सवलत नाही. दसऱ्याच्या सकाळी ज्या झेंडूभोवती गिऱ्हाईक गर्दी करतं, त्याच झेंडूकडे दुसऱ्या दिवशी, एकादशीला, कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून आमच्या विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी, कालनिर्णय टांगलेलं असतं. नवं कॅलेंडर आलं की सासूबाई आधी दसरा कधी आहे ते बघतात, पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढतात आणि तिथून मागे मोजायला लागतात.

आमचं रान नगर तालुक्यात, पुण्याच्या बाजूला. अकोळनेर, कामरगाव, चास, सारोळा कासार हा सगळा पट्टा फुलांचा. महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी जिथे जन्मली ते प्रवरानगर आमच्याच जिल्ह्यात, पण ते उत्तरेला, कालव्याच्या पाण्यावर. आम्ही पर्जन्यछायेतली माणसं. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही परतीच्या वाटेवर जास्त. विहिरीत जे पाणी असतं त्यावर एकरभर ऊस निभत नाही, पण ठिबकवर अर्धा एकर फुलं निभतात. शिवाय नगर जवळ, पुण्याचं गुलटेकडी मार्केट एका रात्रीच्या आत, आणि संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे कल्याण-दादरला लागते. पाणी थोडं, बाजार जवळ आणि घरात राबणारी माणसं, या तीन गोष्टींवर हा पट्टा फुलांकडे वळला.

आम्ही मुख्य दोन फुलं करतो, झेंडू आणि शेवंती. एका बांधावर, एकाच पाण्यावर वाढणारी ही दोन फुलं दोन वेगळ्या कॅलेंडरांवर चालतात. हे ज्याला उमगलं त्याला निम्मी फुलशेती उमगली, असं मी अनुभवाने म्हणते.

झेंडू तिथीचं फूल. रोपवाटिकेतून पंचवीस दिवसांचं रोप आणून लावलं की वीसेक दिवसांनी शेंडा खुडायचा, आणि लागणीपासून साधारण साठाव्या दिवशी तोडा सुरू. म्हणजे दसरा कळला की लागण कळली. पण दसरा जागेवर राहत नाही. २०२३ला तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ला १२ला, २०२५ला २ला, आणि २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे एकदम २० ऑक्टोबरला गेला. दर वर्षी दहा-बारा दिवस मागे सरकत जायचं आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे यायचं, अशी त्याची चाल. गेल्या वर्षीच्याच तारखेला यंदाही लागण केली तर फूल सणाच्या आधी उतरतं किंवा सण उलटून गेल्यावर. झेंडूची एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या बाजूची आहे: उमललेलं फूल झाडावर आठवडाभर दम धरतं. म्हणून हिशोब तिथीचा नाही, तिथीच्या आठ दिवस आधीचा करायचा. ढगाळ हवेने पीक रेंगाळलं तर ते आठ दिवस कामाला येतात.

या फुलाचं मूळ घर मेक्सिको. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांचा सण असतो आणि घरापासून थडग्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. तिथला शेतकरीही एका सणावर नजर ठेवूनच झेंडू लावतो. आमच्याकडे मात्र पितरांचा पंधरवडा म्हणजे फुलांची मंदी. गणपती उठले की पितृपक्ष लागतो, लग्नकार्य नाही, पूजा नाही, मालाला उठाव नाही. फूल झाडावर आणि बाजार झोपलेला. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे फवारणी, खुरपणी आणि करंड्यांची डागडुजी चालते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फोन वाजायला लागतात.

शेवंती या सगळ्याला दाद देत नाही. ती तिथी मानत नाही, तारीख मानते. शेवंतीला कळी धरते ती रात्र लांबायला लागली की. जूनअखेर आमच्याकडे दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा. दिवस मोठा आहे तोवर शेवंती फक्त वाढते, फांद्या काढते, पानं काढते. श्रावणापर्यंत रात्र जाणवण्याइतकी लांबते आणि तिच्या शेंड्यात कळीची तयारी सुरू होते. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये तंबाखूच्या झाडांवरून मांडलं. पुढच्या संशोधनातून कळलं की झाड मोजतं ते खरं तर अंधाराला.

हे पुस्तकात वाचण्याआधी मी आमच्या बांधावर पाहिलं होतं. रस्त्याकडेला विजेचा खांब आहे, त्यावर रात्रभर दिवा जळतो. त्या दिव्याच्या उजेडात येणाऱ्या शेवंतीच्या दोन सऱ्या दर वर्षी मागे राहतात. वाफ्याच्या मध्यावर राजा वाणाची पांढरी फुलं उमललेली असतात, झिप्री वाण पिवळा झालेला असतो, आणि खांबाखालच्या सऱ्या हिरव्यागार, उंच, कळीचं नाव नाही. खत तेच, पाणी तेच, रोपंही तीच. फरक फक्त अंधाराचा. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात. फूल लांबवायचं तर रात्री दिवे, लवकर हवं तर दुपारनंतर काळा कपडा. उघड्या रानातल्या शेतकऱ्याकडे ना दिवे ना कपडा. त्याच्या हातात एवढंच उरतं, की रात्र लांबायच्या आधी झाड भरदार करून ठेवायचं.

ते काम शेंडा खुडण्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं संपली की शेवंतीची खोडं जमिनीलगत कापतात. बुंध्याशी जमिनीखालून नव्या काशा फुटतात, त्या पाणी देऊन जगवायच्या. अक्षय्य तृतीयेनंतर, उन्हाचा तडाखा कमी होण्याच्या बेताने, त्या सुट्या करून सरीवर लावायच्या. महिन्याने रोप वीतभर होतं, सरळ, एकशिंगी. तेव्हा अंगठा आणि तर्जनीच्या नखात वरचा कोवळा शेंडा धरायचा आणि मोडायचा. कापायचा नाही, मोडायचा. शेंडा कोवळा असेल तर ‘टक्’ आवाज होतो आणि बोटाला हिरवा, कडसर वास राहतो. आवाज झाला नाही, साल ओढली गेली, तर समजायचं की उशीर झाला, शेंडा निबर झाला. चांगल्या मोडलेल्या शेंड्याखालून आठवड्याभरात तीन-चार डोळे फुगतात. त्या फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे.

लग्न होऊन आले तेव्हा हे काम मला जिवावर आलं होतं. “आत्याबाई, एवढं चांगलं वाढलेलं कशाला मोडायचं?” मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या वाकलेल्याच राहून म्हणाल्या, “ठेवशील तर एक दांडा, दोन फुलं. मोडशील तर झुडूप. आत्ता जीव कठीण कर, दिवाळीला करंडी भरंल.” आमच्या घरात या खुडणीची शेवटची मुदत ठरलेली आहे: पंधरा ऑगस्ट. शाळेतलं झेंडावंदन झालं की शेवंतीच्या शेंड्याला हात लावायचा नाही, कारण त्यापुढे शेंड्यात पानाऐवजी कळी असते. झेंडूसाठी आमच्याकडे सासूबाई तिथी बघतात, शेवंतीसाठी इंग्रजी तारीख. सूर्य तारखेने चालतो आणि शेवंती सूर्याने, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

कळी धरल्यावर खरी राखण सुरू होते. मावा कळीच्या देठाशी बसतो, फुलकिडे पाकळ्या खरवडतात, आणि पाऊस लांबला तर करप्याने खालची पानं काळी पडत वर येतात. पानं गेली की फूल बारीक राहतं. शेवंतीचा पहिला तोडा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती लागतो, पण तिचा खरा काळ त्यानंतरचा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, मग मार्गशीर्षातले गुरुवार येतात. त्या गुरुवारांनी आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची देणी फेडली आहेत.

मधल्या काळात चूल चालते ती गुलछडी आणि अ‍ॅस्टरवर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही गुलछडी, आणि पांढरा, गुलाबी, जांभळा अशा रंगांतले ‘फुले गणेश’ अ‍ॅस्टर शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. गुलछडीचा कंद एकदा लावला की तीन वर्षं देतो. तिची कळी उजाडायच्या आत तोडावी लागते, फुगलेली पण न उमललेली. ऊन चढेपर्यंत राहिली तर वजन व भाव दोन्ही घटतात. झेंडू निघालेल्या वाफ्यात पुढे टोमॅटो किंवा वांगं घेतलं तर मुळांवरच्या गाठी कमी दिसतात. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथिएनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं. म्हणून भाव पडलेल्या वर्षीही झेंडू रानाला काही देऊन जातो.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे कुणी झोपत नाही. पुण्या-मुंबईचा माल दोन दिवस आधी गेलेला असतो, शेवटचा तोडा नगरसाठी. डोक्याला बॅटऱ्या बांधून सगळं घर सरीत उतरतं, जाऊबाई, पोरं, कॉलेजातला पुतण्या, शेजारच्या दोन बाया. फूल देठासकट खुडायचं, देठ बोटभरच ठेवायचा. ओलं फूल करंडीत दाबलं की तापतं आणि तासाभरात काळं पडतं, म्हणून दव असेल तर आधी ताडपत्रीवर पसरायचं, हलक्या हाताने खालवर करायचं, मग भरायचं. दाबून भरायचं नाही. उजाडताना टेम्पो निघतो. दहा वाजेपर्यंत जो भाव लागेल तो लागेल. दुपारी उरलेला माल रस्त्याकडेला तसाच टाकून परतणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांनी चूक केलेली नसते. त्याच तिथीवर नजर ठेवून सगळ्या जिल्ह्याने लागण केलेली असते.

काही घाव मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. २०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभर टाळेबंदी लागली तीही त्याच दिवशी. पाडव्याचा झेंडू झाडावर, गाड्या बंद, बाजार बंद, देवळं बंद. आम्ही उभ्या पिकात नांगर घातला. शिर्डीच्या मंदिरात तेव्हा थांबलेली हार-फुलं मंदिर उघडल्यावरही बराच काळ बंदच होती. उच्च न्यायालयाने २०२४मध्ये परवानगी दिली तोवर राहाता-कोपरगावकडच्या कितीतरी गुलाब उत्पादकांनी बागा काढून टाकल्या होत्या. २०२५च्या सप्टेंबरात ऐन नवरात्राच्या तोंडावर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि फुगलेला झेंडू पाण्याने सडला. वर प्लास्टिकच्या माळा आहेतच. त्या एकदा घेतल्या की पाच वर्षं दारावर लटकतात आणि तेवढ्या सगळ्या दसऱ्यांना एका शेतकऱ्याचं गिऱ्हाईक कमी करतात. ज्याला दारी तोरण लावायचंय त्याने ते खऱ्या फुलांचं लावावं, हे मी हात जोडून सांगते.

तरीही नव्याने फुलशेतीत येणारी पोरं आमच्याकडे विचारायला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: किती एकर लावू? माझं उत्तर असतं, आधी पहाटेचे हात मोज. पाच वाजता किती माणसं सरीत उतरतील आणि ऊन चढायच्या आत किती करंड्या भरतील, तेवढंच तुझं क्षेत्र. त्याहून जास्त लावलेलं फूल झाडावरच वाळतं किंवा मजुरीत जातं. सगळी जमीन एका दसऱ्यावर लावू नकोस. दहा गुंठे झेंडू तिथीवर टाक, दहा गुंठे शेवंती तारखेवर, पाच गुंठे गुलछडी रोजच्या मीठ-मिरचीसाठी. एक सण हुकला तरी दुसरं फूल हाताशी राहील. आमच्या पट्ट्यात फुलशेतीवर जी घरं उभी राहिली, ती एका वर्षाच्या चढ्या भावाने राहिली नाहीत. ती याच बेताने, थोडं थोडं लावून राहिली.