समास सोडून

आमच्या घरात नोट्स आल्या त्या अक्काच्या कॉमर्सबरोबर. बार्शीत तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत पाठ्यपुस्तकाच्या दोन-चार प्रती असायच्या आणि त्या नेहमी कुणी ना कुणी नेलेल्या असायच्या. त्यामुळे सर वर्गात सांगतील ते उतरवून घेणं, हाच अभ्यास. अक्का कच्च्या वहीत भराभर उतरवायची आणि रात्री जेवणं आटोपली की पक्क्या वहीत शाईच्या पेनानं सावकाश लिहायची. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मी शाळकरी वयात तिच्या मांडीशी बसून वाचले. येणारी वस्तू नावे आणि जाणारी वस्तू जमा, हा नियम तर मला पाढ्यांसारखा पाठ झाला होता.

पण मला त्या वहीतला समास आवडायचा. अक्का डाव्या हाताला चांगला चार बोटं समास सोडायची आणि त्यात पेन्सिलीनं शंका लिहायची. घसारा दरवर्षी सारखाच का धरायचा? दुकानाचं चांगलं नाव ही मालमत्ता असेल, तर तिची किंमत कुणी ठरवायची? उजवीकडे सरांचं, डावीकडे तिचं. पुढे ती वही गल्लीतल्या कितीतरी मुलींकडे फिरली. परत यायची तेव्हा समासात नव्या हस्ताक्षरांची भर पडलेली असायची. कुणी उत्तर लिहिलेलं, कुणी त्या उत्तरावर प्रश्नचिन्ह काढलेलं.

दहावीला माझ्या हाती गाइड आलं. गाइडांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्या घरात अभ्यास विचारायला कुणी नसतं तिथे गाइड हाच शिकलेला थोरला भाऊ असतो, आणि अपेक्षित प्रश्नसंचाच्या आधारानं बोर्डाची परीक्षा पार केलेली माणसं पुढे उत्तम शिकलेली मी पाहिली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. गाइडात कवितेचं रसग्रहणसुद्धा पूर्ण लिहिलेलं असायचं. कविता आवडली का, आणि आवडली तर का, हेही त्यानंच ठरवलेलं. माझ्यासाठी त्या पानावर जागाच शिल्लक नव्हती.

पुण्याला एम.ए.ला आल्यावर अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं सापडली आणि कॉलेजबाहेर झेरॉक्सची रांग. भाषाविज्ञानाच्या पेपराला सोस्यूर होता. त्याच्या नावावरचं ते प्रसिद्ध पुस्तक त्यानं लिहिलंच नव्हतं, हे कळलं तेव्हा मी वर्गात सरळ होऊन बसले. १९०७ ते १९११ या काळात त्यानं जिनिव्हात व्याख्यानं दिली, १९१३मध्ये तो गेला आणि विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून बाली आणि सेशेए या दोघांनी १९१६मध्ये पुस्तक उभं केलं. त्या दोघांनी ही व्याख्यानं स्वतः ऐकलीही नव्हती. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया म्हणून आपण जे वाचतो, ते दुसऱ्या कुणीतरी उतरवून घेतलेलं आहे. अक्काच्या कच्च्या वहीची ही बिरादरी मला फार मोठी वाटली.

अशा उतरवून घेण्याचं खरं मोल मात्र त्याच वर्षी महानुभावांकडून कळलं. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्या-त्यांच्याकडून मिळवून, नागदेवाचार्यांकडून पारखून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, हे बी.ए.ला शिकलेच होते. केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ एम.ए.ला नीट वाचला. त्याची घडण पाहा. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचं नेमकं वचन. मग दृष्टान्त, तोही चक्रधरांनीच सांगितलेला. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे या गोष्टीचा त्या सूत्राशी संबंध काय, याचा उलगडा. हा उलगडा केसोबासांचा. ऐकलेलं कुठे संपतं आणि लिहिणाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे जागच्या जागी दिसतं. गुरूच्या शब्दात आपला शब्द मिसळू द्यायचा नाही आणि तरीही स्वतः गप्प बसायचं नाही, इतकी शिस्त मराठी गद्याच्या पहाटेलाच कुणीतरी पाळली होती. टिपणवही कशी असावी, याचा यापेक्षा चांगला नमुना मला आजवर मिळालेला नाही.

पुढे मी कॉलेजात शिकवू लागले. स्टाफरूममध्ये शेजारी इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक बसायचे. मुलं आयत्या नोट्स मागायला आली की ते शेजवलकरांचा ‘श्रीशिवछत्रपती’ पुढे ठेवायचे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांना शिवचरित्र लिहायचं होतं. १९६३मध्ये ते गेले आणि १९६४मध्ये जे छापलं गेलं, ती त्या संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र नाहीच. मुलांची निराशा व्हायची. आराखडा घेऊन परीक्षेत काय लिहिणार? मला मात्र ते पुस्तक इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळालेलं सगळ्यांत उदार दान वाटतं. ‘पानिपत १७६१’ लिहिणाऱ्या माणसानं कुठले कागद समोर ठेवले, कुठल्या क्रमानं जाणार होता, हे सगळं उघडं आहे. पुढचं काम वाचणाऱ्याचं.

संगणकाशी माझा संबंध आला तो मुलीमुळे. तिच्या इंजिनिअरिंगच्या नोट्स म्हणजे स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे, सीनियरकडून ज्युनियरकडे आलेले, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरं पुसट झालेले. एकदा ऑपरेटिंग सिस्टीमचा अभ्यास करताना तिनं मला जॉन लायन्सची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा हा शिक्षक. १९७६च्या सुमारास त्यानं युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा सगळा प्रोग्रॅम, म्हणजे जवळपास नऊ हजार ओळी, आपल्या विद्यार्थ्यांसाठी एका भागात छापला आणि दुसऱ्या भागात त्यावर भाष्य लिहिलं. एकीकडे मूळ संहिता, दुसरीकडे टीका. आपल्याकडच्या टीकाग्रंथांची रीत ती हीच. सातव्या आवृत्तीपासून युनिक्सची मालकी असलेल्या कंपनीनं त्याचा मूळ प्रोग्रॅम वर्गात शिकवायला मनाई केली आणि लायन्सच्या नोट्स अडकल्या. मग जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतींवरून प्रती काढल्या. रीतसर पुस्तक निघालं ते १९९६मध्ये, लायन्सच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी.

त्या प्रोग्रॅममध्ये एका अवघड जागी मूळ लिहिणाऱ्यांनीच शेरा मारला आहे की, हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. त्या लिहिणाऱ्यांपैकी डेनिस रिचीनं नंतर खुलासा केला की त्या शेऱ्याचा भाव ‘हे परीक्षेला येणार नाही’ असा होता. मुलगी हे सांगताना खूश होती. मला लायन्सचं कौतुक वाटलं. परीक्षेला न येणारी ती जागा त्यानं टाळली नाही, आणि मूळ प्रोग्रॅम शेजारी ठेवून आपलं म्हणणं पारखून घ्यायची सोयही ठेवली.

आता पीडीएफचे दिवस आहेत. मुलं फळ्याचा फोटो काढतात, गटावर टाकतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या सेमिस्टरचा ढीग फोनवर असतो. त्यांना मी आळशी म्हणणार नाही. नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला तासाला बसता येत नाही, तेव्हा तोच फोटो तिचा वर्ग असतो. पण फोटोत सगळंच येतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे हातानं लिहिताना दर ओळीला ठरवावं लागतं. तो निवाडा फोटो काढताना करावाच लागत नाही, आणि मला तर वाटतं, शिकणं त्या निवाड्यातच होत असतं.

निवृत्तीनंतरही बाहेरून एम.ए. करणाऱ्या मुली माझ्याकडे नोट्स मागतात. मी देते. ‘दृष्टान्तपाठा’च्या टिपणात मात्र एक गोष्ट करते. सूत्र देते, दृष्टान्त देते, केसोबासांचं दार्ष्टान्तिक कुठल्या पानावर आहे ते सांगते, आणि ते वाचण्याआधी स्वतःचं लिहून पाठवा म्हणते. सगळ्या पाठवत नाहीत. आंधळे हत्तीला चाचपतात आणि डोळस माणसाला तो अख्खा दिसतो, त्या दृष्टान्तावर रुग्णालयात नर्स असलेल्या एका मुलीनं रात्रपाळी संपवून लिहून पाठवलं. एकच पेशंट हृदयाच्या डॉक्टरला वेगळा दिसतो, किडनीच्या डॉक्टरला वेगळा, बिलाच्या खिडकीवर आणखी वेगळा. आणि अख्खा माणूस दिसतो तो त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोला. खाली तिनं मलाच विचारलं होतं: चक्रधरांच्या गोष्टीतला डोळस माणूस नुसता पाहतो, पण ही बाई तर त्या माणसाशी बांधलेली आहे, मग तिला डोळस म्हणायचं का?

केसोबासांचं दार्ष्टान्तिक या प्रश्नापाशी येत नाही. मी ते पुन्हा काढून वाचते आहे, आणि पुढच्या मुलींना जे टिपण देणार आहे, त्यात तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातला आहे. उत्तराची जागा अजून कोरी आहे.