मातीच्या चकत्या

गेल्या श्रावणात आमचा पोस्टमन एक लहानसं पाकीट हातावर तोलत दारात आला. वर अमेरिकेची तिकिटं, आणि कस्टमच्या हिरव्या चिठ्ठीवर कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : मातीची चकती, नग एक, किंमत दहा डॉलर. ते वाचून तो मोठ्यानं हसला. "मास्तर, अमेरिकेंतल्यान माती हाडयतात? हांगाची उणी पडली?"

हसण्यासारखंच होतं. आमोणे हे मांडवीकाठचं गाव. आमच्या डिचोली तालुक्यातलं लोहखनिज कित्येक वर्षं बार्जमध्ये भरून नदीनं मुरगावला जायचं नि तिथून जपानला, पुढं चीनला. उन्हाळ्यात घरातल्या ताटांवरसुद्धा तांबडी धूळ बसायची. त्या गावातला एक शाळामास्तर परदेशातून माती मागवतो, म्हणजे नवलच.

पाकिटात होती ती कॅसिनोची चिप. जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी मांडतात ती. चिप म्हटलं की आमची मुलं बटाट्याचे वेफर समजतात, म्हणून घरात मी चकतीच म्हणतो. अशा शंभरेक चकत्या माझ्या कपाटात आहेत, आणि मी आयुष्यात एकदाही जुगार खेळलेलो नाही. हा छंद मला कसा लागला हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. दादाची परवानगी घेऊन ते आता लिहितो आहे.

दादा बार्जवर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि बार्ज नदीतच नांगरून राहिली. भरल्या हातांना अचानक काम नाही. खनिज घेऊन जाताना पणजीसमोर दिव्यांनी लखलखणारी जी जहाजं त्याला रोज दिसायची, त्यांतल्या एकावर तो २०१३ मध्ये सोबत्यांबरोबर गेला. तेव्हा गोवेकरांना तिथं जायला आडकाठी नव्हती. सहा महिन्यांत शिल्लक गेली, सोसायटीचं कर्ज झालं, आणि वहिनींच्या पाटल्या गेल्या. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस आईला धुवायच्या पँटच्या खिशात एक गोल, रंगीत, गुळगुळीत वस्तू मिळाली. तिला वाटलं शाळेचं बक्षीसबिक्षीस असेल. तिनं ती माझ्याकडं दिली. वर ५०० आकडा होता.

त्या रात्री दादा सगळं बोलला. मी म्हटलं, निदान हे पाचशे तरी परत आणू. तो म्हणाला, "पाचशे आणायला गेलो तर पाच हजार ठेवून येईन." तो पुन्हा गेला नाही. आता साखळीला वेल्डिंगच्या कामावर जातो. पुढं त्या जहाजावरच्या चकत्याही बदलल्या म्हणे, त्यामुळं आमची ती चकती आता कुठंच वटत नाही.

पण ती माझ्या खणात राहिली आणि मला छळू लागली. एवढ्याशा तुकड्यात असं काय असतं, की शहाणासुरता माणूस शंभराच्या नोटा देऊन तो घेतो? मी भिंग घेऊन बसलो. काही दिसलं नाही. साधं साच्यात ओतलेलं प्लास्टिक. मग २०१५ मध्ये प्रवासी जहाजावर नोकरी करणारा माझा एक वर्गमित्र रजेवर आला, त्यानं गंमत म्हणून एक जुनी अमेरिकन चकती दिली. ती हातात घेतली नि फरक कळला. खडूसारखा किंचित खरखरीत स्पर्श. टेबलावर टाकली तर खण् न वाजता नुसती थप्प बसली. ही मातीची.

मातीची म्हणजे कुंभाराची भाजलेली नव्हे. चिकणमाती आणि इतर द्रव्यांचं ते मिश्रण असतं, त्याची नेमकी कृती कारखानदार सांगत नाहीत. जुन्या काही चकत्यांत शिसंही आहे, म्हणून मी त्या हाताळल्यावर हात धुतो. आधी त्या मिश्रणाच्या चपट्या पत्र्यातून गोल पाडायचे. कडेला खाचा पाडून त्यांत दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवायचे. मध्ये कॅसिनोचं नाव छापलेला कागदी गोल ठेवायचा, आणि सगळं साच्यात घालून उष्णता व दाब द्यायचा. कडेचा रंग वरून फासलेला नसतो, तो आरपार असतो. खरी चकती साधारण नऊ-दहा ग्रॅम भरते. बाजारात घरी खेळायला ज्या जड चकत्या मिळतात त्यांच्या पोटात लोखंडाचा तुकडा असतो. जड ती खरी, असा आपला समज. इथं उलट आहे.

आणि साचा! संग्राहकाचा जीव त्यातच अडकतो. दाब देताना साच्यावरची नक्षी चकतीच्या काठावर उमटते. पॉल एंडी यांनी १९६३ मध्ये लास वेगासला सुरू केलेल्या पॉल-सन कंपनीच्या चकत्यांवर उंच टोपी आणि काठी, टोपी आणि काठी, अशी रांग असते. त्याच नक्षीचा एक उलटा साचा आहे, त्यात टोप्यांची दिशा फिरलेली. नुसती नजर टाकली तर कळत नाही. प्रकाश तिरपा पडू द्यावा लागतो. लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग यांचा साचा लहान मुकुटांचा. किंग या नावाला मुकुट शोभतोच. एकाच कॅसिनोची, एकाच किमतीची चकती दोन साच्यांत सापडते, कारण मधल्या काळात पुरवठादार बदललेला असतो. अशी जोडी जुळली की त्या रात्री मला लवकर झोप येत नाही. आमची ही म्हणते, एवढं बारकाईनं वह्या तपासल्या असत्यास तर मुलांचं कल्याण झालं असतं.

गोल खेळसाहित्याचं आमच्याकडं तसं नवं काही नाही. डिचोली-पेडणे एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होते, आणि सावंतवाडीची गंजिफा गोलच. दशावतारी गंजिफेची एकशेवीस पानं हातानं रंगवायची, म्हणजे कुठलीही दोन पानं तंतोतंत सारखी नाहीत. चकत्यांचं वेगळं. त्या सारख्याच असाव्या लागतात, नाहीतर कॅसिनो बुडेल. आणि आम्ही संग्राहक त्यांतला वेगळेपणा शोधत बसतो.

या छंदाचं जग मोठं आहे. अमेरिकेत १९८८ पासून संग्राहकांचा क्लब आहे. नेवाडा राज्यात बंद पडलेल्या कॅसिनोच्या चकत्या नष्ट कराव्या लागतात, म्हणून ज्या कुणाच्या खिशात विसरून घरी आल्या त्याच उरतात. म्हणजे उरलेली प्रत्येक चकती कुणाच्या तरी न वटवलेल्या पैशाची. हे मला फार उशिरा सुचलं. देवघेव बहुतेक विश्वासावर चालते : तू आधी पाठव, मी मागून पाठवतो.

ओहायोतले एक निवृत्त शिक्षक माझे असेच पत्रमित्र. १९९३ मध्ये लास वेगासचं ड्यून्स हॉटेल सुरुंग लावून पाडलं ते त्यांनी स्वतः पाहिलं, असं ते अभिमानानं सांगतात. गोव्यातली जुनी चकती त्यांच्याकडं नव्हती. आमच्या कायद्याची हकिकत मी त्यांना कळवली होती : मूळ कायदा १९७६ चा, १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला परवानगी, १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजांवर टेबलं, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना आत मज्जाव. बोलता बोलता माझ्याकडं पाचशेची एक आहे हेही लिहून गेलो. त्यांनी लगेच उत्तर दिलं, आणि मी मान्य करायच्या आधीच लहान मुकुटाची चकती धाडून दिली. मी पाच वर्षं शोधत होतो ती. पोस्टमन घेऊन आला ती.

आता माझी पाळी. मी रविवारी दादा-वहिनींना जेवायला बोलावलं.

आमच्या घरात बोलणं कोंकणीत नि लिहिणं मराठीत, तेव्हा पुढचं मराठीतच सांगतो. जेवणानंतर दादानं पहिल्यांदा माझ्या चकत्यांना हात लावला. इतकी वर्षं मी कपाट उघडलं की तो ओसरीवर जायचा. त्यानं मुकुटांच्या काठावरून अंगठा फिरवला.

"जत्रेत चित्रांचा पट मांडून बसायचे, आठवतं? त्यात मुकुट होता. बाबांनी मला चार आणे दिले होते लावायला."

"लागला?"

"लागला ना. तिथंच चुकलं." तो हसला. मग म्हणाला, "आपली तो काय करणार?"

"काचेच्या पेटीत ठेवणार. खाली लिहिणार, गोवा, भारत."

"कुणाची ते नाही लिहिणार?"

"नाही."

"मग दे."

मला हायसं वाटलं हे कबूल करतो. तेवढ्यात वहिनी ताटं उचलता उचलता थांबल्या. इतक्या वर्षांत या विषयावर त्या माझ्यासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भावजी, देऊ नका. माझ्या पाटल्यांतलं तेवढंच घरात राहिलंय."

दादा उठून विहिरीकडं गेला. मी खण उघडून ती चकती वहिनींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. आता ती कुठं आहे ते मी विचारलेलं नाही.

ओहायोच्या मास्तरांना मी सगळं खरं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मुकुट तुमच्याकडंच राहू द्या. पण देवघेव ती देवघेव. दुसऱ्या आठवड्यात साखळीच्या पोस्टात जाऊन मी पाकीट बांधलं. बांधण्यापूर्वी खिडकीशी धरून, तिरप्या प्रकाशात सगळे मुकुट एकदा पाहून घेतले. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं तेच लिहिलं, किंमतही तीच.

काउंटरवरची बाई म्हणाली, "मातीला इतका पोस्टेज खर्च?"

मी पैसे मोजून दिले.